गाण्याकडे वळताना

(कोल्हापुरात झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



अलीकडे तरुण बँडांशी बोलताना एक तक्रार वारंवार ऐकू येते. पुण्या-मुंबईची मुलं ती सांगतात, आपल्या गावातलीही सांगतात. "आम्ही सुरुवातीला फक्त वाजवायचो. दहा-दहा मिनिटांच्या रचना, सात मात्रांत सुरू होऊन अकरात शिरणाऱ्या. ऐकणारे थोडे होते, पण जीव लावून ऐकायचे. आता आम्हाला गाणी करावीशी वाटतात. मुखडा असलेली, अंतरा असलेली, ऐकणारा घरी जाताना गुणगुणेल अशी. आणि आमचे तेच जुने ऐकणारे म्हणतात, तुम्ही घसरलात."

ही तक्रार मला हलकी वाटत नाही. ज्याने आपल्या वादनावर वर्षं घालवली आहेत, त्याला 'घसरलात' हा शब्द लागतो. शिवाय काही वेळा तो खराही असतो. पैशासाठी, प्रसिद्धीसाठी, दुसऱ्याचं पाहून संगीत सपाट केल्याची उदाहरणं आपल्यासमोर ढीगभर आहेत. तेव्हा मुलांना 'दुर्लक्ष करा' असं सांगून भागत नाही. वळण घेताना घसरण केव्हा होते आणि केव्हा होत नाही, हे तपासायला हवं. त्यासाठी दूर जायची गरज नाही. अवघड संगीत गाण्याकडे वळतं म्हणजे काय होतं, हे ज्या गावाने साधारण साठ वर्षांत तीन वेळा पाहिलं, त्याच गावात आपण बसलो आहोत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाणं सोपं झालं की त्यातला अवघडपणा संपतो असं नाही. ऐकणाऱ्याच्या खांद्यावरचं ओझं करणाऱ्याच्या खांद्यावर येतं. करणाऱ्याने ते उचललं तर गाणं उभं राहतं. दोघांनीही खाली टाकलं, तर ती घसरण.

सुरुवात अल्लादियाखाँसाहेबांपासून करू. खाँसाहेब १८९५ च्या सुमारास छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारात आले. घराणं मूळचं ध्रुपदियांचं. तरुणपणी एका संस्थानात गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला होता. पुन्हा गायला लागले तेव्हा जुना गळा परत मिळाला नव्हता, म्हणून त्यांनी हाती उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली. लयीला घट्ट धरून चालणारी, एका आवर्तनातून दुसऱ्यात न तुटता जाणारी, वळणावळणाची. राग घ्यायचे तेही अनवट: खट, सावनी, नट-बिहाग, बसंती केदार, खोकर. जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं म्हणजे जाणकाराचीही परीक्षा, हा लौकिक तेव्हापासूनचा.

इतकं अवघड गाणं आपल्या गावात सुखाने नांदलं, याचं कारण सरळ आहे. ते तिकिटावर चालत नव्हतं. पगार दरबाराचा होता. ऐकायला बसणारे दरबारातले, गायन समाज देवल क्लबमधले, स्वतः शिकणारे. देवल क्लब १८८३ पासूनचा. खाँसाहेब येण्याआधी बारा वर्षं या गावाला बैठकीची सवय लागलेली होती. गायकाला श्रोत्याची मनधरणी करावी लागत नव्हती, श्रोताच गायकापर्यंत चढून जात होता. मी याला उणं म्हणत नाही. जगात कुठेही नवं आणि कठीण संगीत जन्माला येतं ते अशाच आडोशाने; मग तो आडोसा राजाचा असो, विद्यापीठाचा असो की मित्राच्या गॅरेजचा. पण आडोसा कायमचा नसतो. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला निघून गेले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून तीच गायकी पुढे साऱ्या देशाने ऐकली. आडोसा गेल्यावर संगीताला नवा श्रोता शोधावा लागतो, एवढं यातून लक्षात ठेवू.

त्याच काळात, त्याच गावात, त्याच बैठकांत एक तरुण पेटीवाला वाढत होता. गोविंदराव टेंबे, जन्म १८८१. आजचं हे व्याख्यान मी मनोमन त्यांच्या नावाने देतो आहे. पेटी ते कुणासमोर बसून रीतसर शिकले नाहीत. कान लावून, घासून घासून त्यांनी ती हाताखाली आणली. भास्करबुवा बखल्यांची साथ केली, अल्लादियाखाँचं गाणं आतून ऐकलं आणि पुढे खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. म्हणजे अवघड गाणं काय असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हा मुद्दा मी ठसवून सांगतो, कारण गाण्याकडे वळलेला माणूस अवघडाला घाबरून वळला असेल असं आपण सहज धरून चालतो. गोविंदरावांच्या बाबतीत ते शक्यच नाही.

१२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने 'संगीत मानापमान' मुंबईत रंगमंचावर आणलं. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, 'केसरी'तून आलेला जहाल गद्य लेखक. हे त्यांचं पहिलं संगीत नाटक. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं होतं आणि तरीही ते उभे राहिले, ही हकिकत आपल्याला ठाऊक आहे. बालगंधर्वांशीही या गावाचं नातं आहे: लहानग्या नारायणाच्या कानाचं दुखणं शाहू महाराजांनी मिरजेच्या डॉ. वानलेसांकडून बरं करवलं, तेव्हा कुठे हा मुलगा किर्लोस्कर मंडळीत गेला. पण त्या रात्रीची जी गोष्ट कमी सांगितली जाते ती चालींची. चाली गोविंदरावांच्या होत्या आणि त्यांना तिशीही लागलेली नव्हती.

त्याआधीचं नाट्यसंगीत कसं होतं? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे १८८० पासून, नाटकात पदं भरपूर. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, कानडी मुलखातून आलेल्या चाली. त्या लोकांच्या ओळखीच्या होत्या, कथा पुढे नेत होत्या, पण पद स्वतंत्रपणे मनात राहावं अशी त्यांची बांधणी नव्हती. दुसऱ्या टोकाला दरबारातलं ख्यालगायन. एक भलतं सोपं, दुसरं भलतं दूर. गोविंदराव मधल्या जागी उभे राहिले. त्यांनी पूरबकडची ठुमरी, दादरा, कजरी, होरी यांच्याकडे पाहिलं. त्या प्रकारांत एक मोठी सोय आहे. मुखडा आखूड असतो, तो फिरून फिरून येतो आणि येताना दर वेळी वेगळं काहीतरी घेऊन येतो. दादऱ्याच्या सहा मात्रा किंवा केरव्याच्या आठ मात्रा पायाला लगेच सापडतात. मुखडा परत आला की श्रोत्याला घर सापडल्यासारखं होतं, आणि घर सापडलं की तो गायकाबरोबर थोडं लांब भटकायला तयार होतो.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. बैठकीत गायकाला राग मांडायला तासभर मिळतो. नाटकात पात्र रागावलं आहे, लाजलं आहे, कुणाची तरी वाट पाहतं आहे. प्रसंग थांबवता येत नाही. त्या अवधीत रागाचा चेहरा दिसायला हवा. म्हणजे कोणते दोन-तीन स्वरसमूह ठेवायचे आणि बाकीचे कोणते मनात असूनही सोडायचे, हे चाल बांधणाऱ्याने आधीच ठरवायला हवं. बैठकीतला गायक हे निर्णय श्रोत्यांसमोर घेतो, चुकला तर पुढच्या आवर्तनात सावरतो. गाणं बांधणारा एकटा बसून घेतो आणि चुकला तर चूक कायमची राहते. मी ओझं म्हणतो ते हे.

परिणाम काय झाला? 'मानापमान'ची पदं नाट्यगृहाबाहेर पडली. ती ज्यांनी नाटक पाहिलं नव्हतं अशांनीही गायली, भजनी मंडळांनी उचलली, पेटी शिकणाऱ्या मुलांना पहिले धडे म्हणून मिळाली. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्वांसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले ते आपले केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर आले ते याच चालींवर.

आता दोष सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं वळण कळणार नाही. त्या काळच्या नाटकांत बरेचदा चाल आधी ठरे आणि शब्द तिच्यात मागाहून बसवले जात. हिंदी चिजेच्या मापात मराठी वाक्य कोंबायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होते, अन्वय उलटासुलटा होतो, संस्कृत समासांची गर्दी होते. खाडिलकरांच्या गद्य संवादांची धार पाहा आणि नंतर त्यांची पदं अर्थ लावत वाचा. एकाच लेखणीतून ती उतरली यावर विश्वास बसत नाही. श्रोते चालीवर जीव टाकत होते आणि शब्द समजोत न समजोत, गात होते. म्हणजे स्वराचं ओझं गोविंदरावांनी उचललं होतं, शब्दाचं ओझं अजून ऐकणाऱ्याच्याच माथी होतं.

आणि वाट सरळ पुढेही गेली नाही. पाच वर्षांत, १९१६ मध्ये, 'स्वयंवर' आलं. चाली भास्करबुवांच्या. त्यांनी ख्यालाच्या बंदिशी नाटकात आणल्या, रागदारी पुन्हा दाट झाली, बालगंधर्वांनी ती पदं तासन् तास रंगवली आणि लोकांनी वन्समोअर देऊन पहाट केली. 'मानापमान'ने तयार केलेला श्रोता 'स्वयंवर'साठी तयार होता. बँडच्या मुलांनो, हे नीट ऐका: सोप्या गाण्याने जोडलेला श्रोता पुढे तुमच्याबरोबर अवघडातही येतो.

ग्रामोफोनविषयी थोडक्यात सांगतो. भारतात १९०२ पासून ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. अनेक बुजुर्गांना हा अपमान वाटला आणि त्यांचं वाटणं मला समजतं. पण एक उदाहरण विसरता येत नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताची तबकडी अवकाशात धाडली. भारतातून त्यात एकच ध्वनिमुद्रण आहे, केसरबाई केरकरांची भैरवी. साडेतीन मिनिटांची. अल्लादियाखाँच्या शिष्या, रेडिओ आणि तबकड्या यांच्याशी कधीच मनापासून न जमलेल्या. आणि सूर्यमालेच्या पलीकडे गेलं ते त्यांचं छोटं गाणं. ती भैरवी ऐकताना पन्नास वर्षांची तालीम साडेतीन मिनिटांत कशी उभी राहते ते कळतं. वेळ आखडला म्हणून गाणं खुजं झालेलं नाही.

दुसरं वळण याच गावातलं. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी. कुलकर्णी सोडले तर बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकलेली ही माणसं. बोलपट आला आणि त्यांनी 'अयोध्येचा राजा' काढला. फेब्रुवारी १९३२ मध्ये तो प्रदर्शित झाला, मराठीतला पहिला बोलपट. राजा हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, संगीतही गोविंदराव टेंबे. तारामती दुर्गाबाई खोटे.

तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गायचे, साथीदार कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे सेटच्या आडोशाला बसायचे आणि सगळं एकाच वेळी मुद्रित व्हायचं. मायक्रोफोनची ओळख नटाला, गायकाला, सगळ्यांनाच नवी. नाटकातल्या गायकाने आयुष्यभर काय केलं होतं? पल्लेदार आवाज लावून शेवटच्या रांगेतल्या, आठ आणेवाल्या प्रेक्षकापर्यंत सूर पोचवला होता. मायक्रोफोनला तो आवाज नको होता. त्याला कुजबुज चालत होती, किंबहुना तीच जास्त शोभत होती. म्हणजे आवाजाचं माप बदललं. त्याबरोबर ताना, हरकती, आलाप यांचंही माप बदललं, कारण पडद्यावर चेहरा मोठा दिसतो आणि लांब तान घेताना तो ओढलेला दिसतो. प्रेक्षकाला हरिश्चंद्राचं दुःख पाहायचं होतं, गायकाचे कष्ट पाहायचे नव्हते.

पन्नाशीला आलेल्या, रंगभूमीवर नाव कमावलेल्या माणसाने हे सगळं नव्याने शिकणं, याला मी मोठेपण म्हणतो. तुलना म्हणून बालगंधर्वांकडे पाहा. १९३५ साली, प्रभात पुण्याला गेल्यानंतर, त्यांनी 'धर्मात्मा'त एकनाथांची भूमिका केली. त्यांच्याएवढा गळा महाराष्ट्राने ऐकला नव्हता, तरी ते त्या माध्यमात रमले नाहीत आणि रंगभूमीकडे परतले. त्यात त्यांचं काही कमी झालं असं मी मानत नाही. प्रत्येकाने वळावंच असा नियम नाही. ज्याचं बळ विस्तारात आहे त्याने विस्तारातच राहावं. ते प्रामाणिक आहे. बँडमधल्या एखाद्या वादकाला गाण्याकडे जायचं नसेल, तर त्याच्यावर ते लादू नये, वाट वेगळी झाली तरी चालेल.

तिसरं वळण शब्दाचं. त्याचा धनी याच गावात २५ जुलै १९१९ रोजी जन्मला. सुधीर फडके. शास्त्रीय संगीताचे पाठ त्यांनी इथेच, वामनराव पाध्ये यांच्याकडे घेतले. एचएमव्ही, मग प्रभात, मग मुंबई असा त्यांचा प्रवास झाला. बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, काय बदललं हे एका वाक्यात सांगायचं तर त्यांनी कवितेला आधी बोलू दिलं. मराठी माणूस ते वाक्य सहज बोलताना कुठे थांबेल, कुठे जोर देईल, कुठे श्वास घेईल, ते ऐकून मग चाल. जोडाक्षर स्वच्छ. हरकत शब्दाच्या पोटात न घुसता दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत. त्यामुळे त्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही प्रत्येक शब्द कळतो. 'मानापमान'च्या काळात जे ओझं श्रोत्याच्या माथ्यावर राहिलं होतं, ते इथे उतरलं.

'गीतरामायण' हा याचा कळस. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीतं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सीताकांत लाड यांची योजना. दर शुक्रवारी नवं गीत हवंच. चाल सुचली नाही म्हणून रामाचा वनवास पुढे ढकलता येत नव्हता. या ५६ चालींत किती राग आहेत हे मोजायला जाणकार बसतात, पण ज्या घरात राग या शब्दाचा अर्थ फक्त संताप असा होता, तिथेही ही गीतं पाठ झाली. भूप, यमन यांच्याशी कितीतरी मराठी माणसांची ओळख बाबूजींनी करून दिली आणि ती करून देताना रागाचं नाव घेतलं नाही. नंतर अनेक भाषांत ही गीतं उतरवली गेली आणि चाली तशाच राहिल्या. शब्दांवर इतकं प्रेम करून केलेली चाल शब्द बदलल्यावरही टिकावी, याचं मला फार नवल वाटतं. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण एक अंदाज आहे: भाषा बदलली तरी माणूस दुःखात आणि आनंदात श्वास त्याच ठिकाणी घेतो.

या गावाची बाकीची नावं मी ओझरतीच घेतो. वसंत पवारांनी 'सांगत्ये ऐका'सारख्या चित्रपटात लावणीला दिलेलं रूप, भालजींच्या 'साधी माणसं'साठी आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी केलेल्या चाली, करवीर तालुक्यातल्या हळदीचे शिक्षक जगदीश खेबुडकर. प्रत्येकावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

आता बँडांकडे येतो. जगात हेच वळण कुणी घेतलं आणि निभावलं? इंग्लंडच्या पिंक फ्लॉइडचं उदाहरण घ्या. १९७१ मध्ये त्यांच्या तबकडीची अख्खी एक बाजू एकाच तेवीस मिनिटांच्या रचनेने भरलेली होती. १९७३ मध्ये त्यांनी काढलेली तबकडी मात्र गाण्यांची होती. वेळ, पैसा, वेड, मरण अशा साध्या विषयांवर, थेट शब्दांत. मधल्या काळात त्यांनी काय केलं हे महत्त्वाचं. तबकडी येण्याआधी वर्षभर ते हे सगळं रंगमंचावर वाजवत फिरले, श्रोत्यांसमोर घासत राहिले. आपल्या नाटक मंडळ्याही गावोगाव हिंडत हेच करत. प्रत्येक मुक्कामी एखादी ओळ कापली जाई, एखादी जागा वाढे. लांब रचना करताना पिंक फ्लॉइडचे वादक ध्वनीचे जे थर शिकले होते ते त्या गाण्यांच्या पाठीमागे तसेच होते. श्रोत्याला पुढे गाणं दिसत होतं.

दिल्लीचा इंडियन ओशन आपल्याला जास्त जवळचा. १९९० मध्ये हा बँड जमला आणि १९९३ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात बहुतांश वादन होतं. २००० साली 'कंदिसा' आला आणि गाणी पुढे आली. नर्मदेचं लोकगीत आलं, केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना आली. बास वाजवणारे राहुल राम नर्मदा आंदोलनात राहून आले होते, खोऱ्यातल्या माणसांत वावरले होते. ते गाणं बाजारातून उचललेलं नव्हतं. अशीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गात. सुश्मित सेन यांची गिटार जुन्या रचनांत जशी फिरायची तशीच गाण्यांतही फिरत राहिली. लोकांनी ती गाणी आपली मानली आणि त्यामागचं वादन अजिबात सोपं झालेलं नाही. गोविंदरावांनी ठुमरीकडून मुखडा घेतला, यांनी नदीकाठच्या माणसांकडून घेतला.

काय गमावलं जातं तेही सांगायला हवं. वेळ गमावला जातो. विलंबित ख्यालात एक स्वर लागेपर्यंत थांबायचं, काहीच घडत नसताना ऐकत राहायचं, ही सवय गाण्यांनी जाते. ती पुन्हा लावणं कठीण. म्हणून अवघड वाट बंद पडता कामा नये. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ १९३७ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्याकडे शिकत असलेल्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी पुढची तालीम त्यांचे बंधू भूर्जीखाँ यांच्याकडे घेतली. १९९२ पर्यंत मन्सूर तेच अनवट राग गात राहिले आणि शेवटच्या वर्षांत त्यांच्या मैफलींना तरुण मुलं गर्दी करून बसत. ज्या श्रोत्यांना 'गीतरामायण' पाठ होतं, त्यांच्याच घरातली ती मुलं होती.

तेव्हा आपल्या गावातल्या बँडच्या मुलांना माझं सांगणं असं. गाणी जरूर करा. पण दहा मिनिटांची रचना कापून साडेतीन मिनिटांची केली म्हणजे गाणं होत नाही. आधी ठरवा की तुमच्या त्या रचनेत नेमकं कशाने तुमचा जीव धरला होता: एखादा स्वरांचा वळसा, एखादी मात्रेची फट, गिटार आणि हलगी यांची एखादी झुंज. ते एक ठेवा आणि बाकीचं निर्दयपणे सोडा. सात मात्रा आवडतात तर सात मात्रांतच गाणं करा; रूपक तालात अभंग गाणाऱ्या या मुलखाला सात मात्रा कधी जड झाल्या नाहीत. ऐकणाऱ्याला मोजायला लावू नका, एवढंच.

आणि शब्दांकडे लक्ष द्या. तुमच्यातले बरेच जण चाल आधी करता आणि मग तिच्यात शब्द भरता. शंभर वर्षांपूर्वीची चूक तुम्ही नव्याने करता आहात. चाल आधी सुचली तर सुचू दे, पण शब्द बसवताना ते मोठ्याने बोलून पाहा. बोलताना जे वाक्य तुमच्या आईला विचित्र वाटेल ते गाताना सुंदर होत नाही. तुमची भाषा कोल्हापूरची आहे. तिच्यात ठसका आहे, लडिवाळपणा आहे, 'की रं' आणि 'गा' आहे. चित्रपटाने ही बोली विनोदी पात्रांना देऊन टाकली. तिच्यात विरह गाता येतो, राग गाता येतो, मरणही गाता येतं. ते तुम्ही केलंत तर पुण्या-मुंबईच्या बँडांना जे मिळणं शक्य नाही ते तुमच्याकडे असेल.

इथे जमलेल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, ते पुढे केशवरावांच्या नावाने ओळखलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून माणसं रडली आणि त्यानंतर गावाने पुनर्बांधणीचा आग्रह धरला. जुन्या घाटाचं रूप कसं राखायचं, खुर्च्या किती, ध्वनियोजना कशी, याची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तिथे वाजणार काय, याचीही चर्चा करा. माझी मागणी ठोस आहे. महिन्यातली एक संध्याकाळ नव्या गाण्याला द्या, भाडं न घेता. बँड असो, शाहीर असो, पेटीवर एकटी गाणारी मुलगी असो. अट एकच, रचना स्वतःची आणि शब्द स्वतःच्या भाषेतले. ध्वनिव्यवस्था नाट्यगृहाची, तिकीट दहा-वीस रुपयांचं. गाऊन झाल्यावर अर्धा तास श्रोत्यांनी कलाकारांशी तोंडावर बोलायचं: कुठे कंटाळा आला, कोणता शब्द कळला नाही, कोणती जागा पुन्हा हवी होती. देवल क्लबसारखी संस्था, महापालिका आणि विद्यापीठ एकत्र बसले तर याला फार पैसा लागणार नाही. आडोसा देणारे राजे आता नाहीत, तेव्हा ते काम आपण नागरिकांनी करायचं आहे. या सभागृहातून बाहेर पडण्याआधी तुमच्यापैकी पाच-सहा जणांनी नावं द्यावीत. त्या संध्याकाळींचा आराखडा करायला मी स्वतः बसेन.